साथीला नाना सबनीस

युरोपातल्या अभिजात संगीताने मराठी मनाला फार खोलवर स्पर्श केलेला आहे. माझ्या माहितीत असं मन एकच आहे. ते अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बरला राहत होतं, त्याचं नाव नाना सबनीस, आणि तो स्पर्श दोन मिनिटांचा होता.

पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमारास मी तिथे सिव्हिल इंजिनिअरिंग शिकत होतो आणि नानांच्या घराच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होतो. नाना विद्यापीठाच्या लायब्ररीत भारतीय भाषांच्या पुस्तकांचं कॅटलॉगिंग करायचे. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या पुस्तकांची माहिती छोट्या जाड कार्डांवर लिहून ती कार्डं लाकडी खणांत लावायची. वय सत्तावन्न, अंगाने शिडशिडीत, एकटे. त्यांनी लग्न का केलं नाही याबद्दल महाराष्ट्र मंडळात तीन मतं होती. नानांना एकदा विचारलं तर म्हणाले, "तिन्ही बरोबर आहेत."

ऑफिसची कार्डं घरातही आली होती. फ्रीजवर एक चिकटवलेलं असायचं: 'ताक. पाहा: दुधाच्या मागे.' मसाल्यांच्या कपाटावर: 'हिंग. पाहा: गॅरेज.' हिंग गॅरेजमध्ये का, याचं उत्तर ज्याने तो डबा एकदा उघडला असेल त्याला ठाऊक आहे. पहिल्या महिन्यात माझ्या दारावरही एक कार्ड लागलं: 'जोरात चालणे. पाहा: खाली राहणारा माणूस.'

पण मंडळात नानांना कोणी लायब्ररीवाले म्हणून ओळखत नसे. ते पेटीवाले होते. डेट्रॉईटपासून लॅन्सिंगपर्यंत जिथे कुठे सतरंजी पसरून मराठी माणूस गायला बसे, तिथे त्याच्या डाव्या हाताला नाना असत. चौदा वर्षं. पत्रिकेत गवयाचं नाव ठसठशीत, त्याखाली तबलजीचं, आणि सगळ्यात शेवटी 'साथीला: नाना सबनीस'. त्यांच्या जुन्या स्टेशन वॅगनमध्ये पेटी पुढच्या सीटवर बसायची, पट्टा लावून. मिशिगनमध्ये माणसांना पट्टा सक्तीचा झाला त्याच्या कितीतरी आधीपासून पेटी तो लावत होती. माणसं मागे बसायची.

साथीबद्दल त्यांचे काही ठाम नियम होते. पहिला नियम, पेटीने कधी आधी सुरू करायचं नाही. गवई जाईल तिकडे जायचं, पण सावलीइतकं मागून. दुसरा नियम मला फार आवडायचा. "चूक एकट्याने केली तर ती चूक. दोघांनी मिळून केली की ती जागा. लोक वा म्हणतात."

हा नियम मी प्रत्यक्ष पाहिला आहे. आमच्याकडे डॉक्टर प्रधान नावाच्या एक भूलतज्ज्ञ बाई होत्या. गळा गोड, पण काळी चार पट्टीत सुरू केलेलं भजन त्या पांढरी सहात संपवत. मधे कुठेतरी सूर हळूहळू वर सरकायचा आणि बाईंना त्याचा पत्ता नसायचा. नाना डोळे मिटून वाट बघायचे. तबलजीने एखादी मोठी तिहाई घेतली की त्या गडबडीत पेटी अर्धा सूर वर चढलेली असायची. भजन संपल्यावर बाई म्हणायच्या, "नाना, आज पेटी छान लागली होती." नाना म्हणायचे, "तुमच्यामुळे."

मी परतीच्या वाटेवर मागच्या सीटवरून म्हणालो, "नाना, त्यांना सांगत का नाही?"

"काय सांगू?"

"की सूर सुटतो म्हणून."

"सुटत नाही. फिरायला जातो. मी बरोबर जातो."

अशा या माणसाच्या टेबलावर एके दिवशी एक फ्रेंच तबकडी आली. ती यायचं काहीच कारण नव्हतं. कव्हरवर हत्तीचं चित्र होतं, एवढंच. लायब्ररीच्या टपाल खोलीत ज्या वस्तूवर हत्ती, कमळ किंवा बरेच हात असलेली बाई दिसे, ती वस्तू विचार न करता नानांकडे पाठवली जाई. नियमाप्रमाणे ती तबकडी त्यांनी संगीत विभागाकडे परत पाठवायला हवी होती. त्याआधी ती खरोखर भारतीय नाही याची खात्री करायला म्हणून नानांनी ती ऐकली. मग खात्री पक्की करायला पुन्हा ऐकली. पुढचे अकरा दिवस लायब्ररीच्या नोंदीत ती 'काम चालू' होती.

तबकडीवर पियानोचे बरेच छोटे तुकडे होते. नाना अडकले ते पाचव्यावर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमधल्या कुणा खट्याळ माणसाने तो लिहिला होता. त्याचं नाव नानांनी मला अनेकदा सांगितलं, पण फ्रेंच नावातली निम्मी अक्षरं उच्चारायची नसतात आणि निम्मी कोणती हे मला कधीच कळलं नाही, तेव्हा ते राहू द्या. तुकड्याचा विषय असा: एका प्रतिष्ठित गृहस्थाला चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना शिंक येऊ पाहते.

बस्स. स्वर पायरी-पायरीने चढतात, वर जाऊन थबकतात, आणि काही होत नाही. लाजून खाली उतरतात. पुन्हा चढतात, पुन्हा काही होत नाही. तिसऱ्यांदा तर एवढे वर जातात की ऐकणारा खिशात रुमाल शोधतो. तेव्हाही नाही. मग प्रार्थनेचे गंभीर स्वर येतात, सगळं शांत होतं, संकट टळलं असं वाटतं, आणि अगदी शेवटी एकच बारीक स्वर: शिंक. संपलं.

नानांनी तो टेपवर उतरवून घेतला आणि स्वयंपाकघरात मला ऐकवला. मी हसलो. नाना हसले नाहीत. ते म्हणाले, "बघ, दोन मिनिटं. आलाप नाही, विस्तार नाही, कोणाला प्रणाम नाही. आणि एका माणसाला शिंक येते यावर कोणीतरी एवढी मेहनत घेतलीय. आपल्याकडे शिंक आली तर कार्यक्रम पुढे ढकलतात."

थोड्या वेळाने म्हणाले, "हे मला वाजवायचंय. एकट्याने."

चौदा वर्षांत हा शब्द मी सोडा, कोणीच त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

आमच्या गल्लीच्या टोकाला मिसेस हचिन्स नावाच्या एक विधवा बाई राहत. त्या मुलांना पियानो शिकवत. नाना दर मंगळवारी साडेपाचला त्यांच्याकडे जाऊ लागले. बाहेरच्या बाकावर सात-आठ वर्षांच्या मुली पाय हलवत बसलेल्या असायच्या आणि त्यांच्या शेवटी नाना, टाय लावून, मांडीवर स्वरलिपीचं पुस्तक घेऊन. त्यातली एक होती नेहा, आमच्या मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर चौबळ यांची धाकटी मुलगी. तिने नानांना पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "नाना, शी इज नाइस, पण नखं कापून यायचं. शी चेक्स."

पहिला प्रश्न डाव्या हाताचा निघाला. पेटीवाल्याचा उजवा हात वाजवतो आणि डावा भाता ओढतो. नाना पियानोवर बसले, उजव्या हाताने दोन ओळी सुरेख वाजवल्या, आणि डावा हात हवेत मागेपुढे, मागेपुढे.

"मिस्टर सबनीस, हा हात काय करतोय?" बाईंनी विचारलं.

नानांनी हाताकडे बघितलं. त्यांनाही ते नवीन होतं. "वारा देतोय," म्हणाले.

"पियानोला वारा लागत नाही."

"मला माहीत आहे. त्याला अजून कळलेलं नाही."

त्याला कळायला पाच महिने लागले. बाईंनी त्या हाताखाली एक संत्रं ठेवून पाहिलं, मग पुस्तक, शेवटी नेहाला बाजूला बसवून हात धरून ठेवायला सांगितलं. स्वरलिपीवर त्या खट्याळ फ्रेंच माणसाने वाजवणाऱ्यासाठी जागोजागी सूचना लिहून ठेवल्या होत्या. नानांनी लायब्ररीतल्या फ्रेंचवाल्या बाईंकडून त्यांचा अर्थ लावून घेतला आणि मराठीत कार्डं करून भिंतीवर ओळीने लावली: 'चेहरा दगडी.' 'शेजारणीकडे न बघता.' 'देवाची क्षमा मागून, पण मनापासून नाही.' माझे मित्र घरी आले की ही कार्डं वाचत आणि मला बाहेर नेऊन विचारत, "तुझे घरमालक बरे आहेत ना यार?"

दुसरा प्रश्न मोठा होता आणि तो बाईंच्या लक्षात फेब्रुवारीत आला. नाना घरी, भाड्याने आणलेल्या एका जुन्या पियानोवर, टेप लावून सराव करत. अख्खा तुकडा त्यांना पाठ झाला होता, दोन्ही हातांनी, एकही चूक नाही. त्या दिवशी बाईंकडेही टेप लावून त्यांनी वाजवला. बाईंनी कान टवकारले. नाना टेपच्या बरोबर वाजवत नव्हते. किंचित मागून वाजवत होते. बाईंनी टेप बंद केली.

"आता वाजवा."

नाना बसून राहिले.

"मिस्टर सबनीस?"

"कोणीतरी सुरू करायला हवं," नाना म्हणाले.

त्या दिवशी ते घरी आले तेव्हा कोट न काढता खुर्चीत बसले. मला म्हणाले, "अरे, मला सगळं येतं. फक्त पहिला स्वर येत नाही." मी म्हणालो, "पहिला स्वर एकच तर आहे." नाना म्हणाले, "तोच तर."

आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मिसेस हचिन्सच्या विद्यार्थ्यांचा वार्षिक कार्यक्रम होता. चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये, दुपारी तीन वाजता. छापील यादीत अकरावं नाव नेहा चौबळ, वय आठ. बारावं नाना सबनीस; त्यांच्या वयाची जागा बाईंनी सौजन्याने कोरी ठेवली होती. या यादीत 'साथीला' हा शब्द कुठेच नव्हता. नानांनी ती फ्रीजवर लावली. पाहा: काहीही नाही.

मार्चच्या मध्यात डॉक्टर चौबळांचा फोन आला. चौबळ दातांचे डॉक्टर. दिवसभर समोरच्या माणसाचं तोंड उघडं आणि बोलणं बंद अशी त्यांची परिस्थिती असल्यामुळे त्यांना भाषणाची सवय लागली होती. फोनवरचा त्यांचा आवाज मला स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू यायचा.

"सबनीस, एप्रिलचा पहिला रविवार ब्लॉक करून टाका. मुंबईहून पंडितजी येतायत. सातासमुद्रापार आपल्या संस्कृतीचा दिवा..."

"त्या दिवशी जमणार नाही."

"का? इंडियाला चाललात?"

"नाही. माझा कार्यक्रम आहे."

"बरं, बरं. कोणाची साथ करताय?"

"कोणाची नाही."

"म्हणजे एकटे?"

"दोन मिनिटं."

"अहो, दोनच मिनिटं ना? मग ती वाजवा आणि या की इकडे! आपलं पाचला आहे. गाडी मी पाठवतो."

"नंतर ज्यूस असतो," नाना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चौबळ स्वतः आले. बसले नाहीत. "सबनीस, मी चौकशी केली. लहान मुलांचा कार्यक्रम आहे तो! आमची नेहा आहे त्यात."

"हो. तिच्यानंतर मी."

"पंडितजींना मी काय सांगू? की आमचे पेटीवाले बालवर्गात आहेत?"

"सांगा."

"हे बघा, टोलेडोच्या जोशींचा मुलगा कीबोर्ड वाजवतो. मी त्याला बोलावू शकतो. पण एकदा बोलावलं की मग पुढच्या वेळीही तोच. मंडळाला अशी धरसोड परवडत नाही. विचार करा."

ते गेल्यावर नानांनी खरंच विचार केला. दोन दिवस पेटीला हात लावला नाही, पियानोला नाही. ती सतरंजीवरची डावीकडची जागा ही नानांची अमेरिकेतली एकमेव मालमत्ता होती; घर बँकेचं होतं. आणि दुसऱ्या पारड्यात काय, तर एका फ्रेंच गृहस्थाची शिंक, जी सुरू करायलाही त्यांना जमत नव्हती. मी म्हणालो, "नाना, पुढच्या वर्षीही होईल हा पियानोचा कार्यक्रम."

"पुढच्या वर्षी नेहा तिसऱ्या पुस्तकात जाईल," ते म्हणाले. "मग माझ्या आधी कोण वाजवणार?" आणि उठून त्यांनी चौबळांना फोन लावला. "जोशींच्या मुलाला बोलवा," एवढंच म्हणाले.

त्या रविवारी बर्फ पडत होता, ॲन आर्बरमध्ये एप्रिल असाच असतो. पेटी घरी राहिली. पहिल्यांदा मी पुढच्या सीटवर बसलो. हॉलमध्ये पन्नासेक आईवडील, ओले कोट, एक जुना उभा पियानो. चौबळांच्या घरातून फक्त नेहाची आई आली होती. अध्यक्ष पंडितजींना आणायला विमानतळावर गेले होते. नेहाने आपला तुकडा धडाधड वाजवून टाकला, वाकून नमस्कार केला आणि खाली येताना नानांच्या गुडघ्यावर चापट मारून म्हणाली, "युअर टर्न. जस्ट स्टार्ट, ओके?"

नाना वर गेले. स्टुलावर बसले. हात पट्ट्यांवर ठेवले. आणि थांबले.

दहा सेकंद लोकांनी आदराने वाट पाहिली. वीस सेकंदांनी कोणीतरी खोकलं. मिसेस हचिन्सना वाटलं विसरले, त्या स्वरलिपी घेऊन अर्ध्या उठल्या. नानांनी तळहात दाखवून त्यांना थांबवलं. मला त्यांची पाठ दिसत होती आणि कोटाच्या आत ती किती ताठ आहे तेही दिसत होतं. मी मनातल्या मनात तो पहिला स्वर म्हणत होतो, जणू माझ्या म्हणण्याने तो त्यांच्यापर्यंत जाणार होता.

मग नानांनी घसा साफ केला आणि गायला सुरुवात केली.

हळू आवाजात, सारेगमवर, त्या फ्रेंच शिंकेची पहिली ओळ. आणि बोटं सावलीइतकी मागून तिच्यापाठोपाठ निघाली. चौदा वर्षं दुसऱ्यांची साथ केलेला माणूस आपलीच साथ करत होता. मिशिगनमधल्या आईवडिलांना हा त्या रचनेचाच भाग वाटला असावा, कारण पॅरिसच्या लोकांबद्दल त्यांना काहीही खरं वाटू शकतं. स्वर चढले, थबकले, उतरले. दुसऱ्यांदा थबकले तेव्हा पुढच्या रांगेतला एक बाप हसला. तिसऱ्या चढाला नानांचा आवाज पोचेना, तो मधेच विरला, पण बोटं गेली वरपर्यंत. खाली उतरताना आवाज परत आला. प्रार्थनेचे स्वर त्यांनी दगडी चेहऱ्याने गायले, आणि हॉल शांत झाला.

राहिला तो शेवटचा एक स्वर. नानांचं तोंड बंद होतं. ते गाणार म्हणून मी वाट पाहत होतो. ते गायले नाहीत. उजव्या हाताचं एक बोट आपण होऊन पुढे गेलं आणि तो स्वर वाजला. त्याच्या आधी कोणी नव्हतं.

हॉल खदखदून हसला आणि मग टाळ्या. नाना उठले आणि सवयीने एक पाऊल मागे सरकले, ज्याच्या टाळ्या असतील त्याला पुढे यायला जागा व्हावी म्हणून. तिथे कोणी येईना, तेव्हा मान किंचित हलवून खाली आले. मिसेस हचिन्स डोळे पुसत होत्या. तुकडा साडेतीन मिनिटं चालला होता, पण हे मी नानांना सांगितलं नाही. ज्यूस सफरचंदाचा होता. त्यांनी दोन पेले घेतले.

तिकडे पाच वाजता डॉक्टर चौबळ माइकसमोर उभे राहिले. पेटीवाल्यांनी पंडितजींपेक्षा बालवर्ग पसंत केला, हे दोनशे लोकांसमोर सांगणं त्यांच्या जिभेला जमेना. त्यांनी जाहीर केलं, "आपले नाना सबनीस प्रकृती अस्वास्थ्यामुळे आज आपल्यात नाहीत." सभागृहात हळहळ पसरली. जोशींचा मुलगा पंडितजींच्या पुढे-पुढे वाजवत राहिला, आणि मध्यंतरात पंडितजींनी स्वतः विचारलं म्हणे, की ते नेहमीचे गृहस्थ कधीपर्यंत बरे होतील. नानांची जागा वाचली. ती का वाचली हे ठाऊक असलेली माणसं पाचच होती, आणि त्यातली एक आठ वर्षांची. नेहाने शाळेच्या बसमध्ये सगळ्यांना खरं सांगितलं. कोणी विश्वास ठेवला नाही.

मला न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरजवळ नोकरी मिळाली होती आणि कार्यक्रमानंतरच्या शनिवारी मी निघालो. बॅगा गाडीत ठेवून निरोप घ्यायला आत आलो तर नाना स्वयंपाकघरात पातेल्यावर झाकण ठेवत होते. तेवढ्यात मंडळातल्या दामलेकाकू टॉवेलात गुंडाळलेला डबा घेऊन दारात उभ्या राहिल्या. आजारी माणसाच्या घरात बोलतात तशा आवाजात म्हणाल्या, "नाना, उठू नका हो. पडून राहा. मऊ भात आणलाय, मेतकूट घालून."

नानांनी माझ्याकडे बघितलं, मग काकूंकडे. आणि हळूच खुर्चीत बसले. "कशाला एवढा त्रास घेतलात," ते बारीक आवाजात म्हणाले.

सोमवारपासून सात घरांतून मेतकूट-भात आला होता. गुरुवारी नानांना खरोखरच अपचन झालं होतं.